मांडेकरांच्या घरातला खोकला

१

गेनू मांडेकर घरात नव्हते.

शनिवारी दुपारी त्यांना चिंचवडला न्यायला मी गाडी घेऊन मांडेकरवाडीत पोचलो. ओट्यावर त्यांची काठी भिंतीला टेकवलेली होती, चपला पायरीखाली होत्या आणि म्हातारबुवांचा पत्ता नव्हता. त्यांची बायको कुशाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. "सकाळच्याला उठून कुठं गेलं कुनास ठावं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मला घाम फुटला. चैत्रातलं ऊन होतंच, पण हा घाम वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंचवडच्या सभागृहात आमच्या वकील मंडळाचा जाहीर वादविवाद होता. विषय भारदस्त: सर्वोच्च न्यायालय दिल्लीतच राहावं, की न्यायमूर्ती वाढवून त्याची खंडपीठं देशभर न्यावीत? 'न्यावीत' म्हणणारा मी, प्रितम ओव्हाळ, उत्साह भरपूर आणि अशील मोजके. 'न्यायालय एकच असावं' म्हणणारे ॲडव्होकेट धम्मरत्न कसबे. त्यांची वकिली दिल्लीत चांगली चालते आणि त्यांच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. मुद्द्यांत आपला निभाव लागणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी माणूस आणायचं ठरवलं होतं.

गेनूबापूंची जमीन उद्योगासाठी सरकारनं घेतली तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. जमिनीवर कारखाना आला नाही, बाभळी आल्या. बापू हायकोर्टात हरले, दिल्लीला अपिलात गेले आणि अपील तिथं पडून राहिलं. त्यांची नात तेजल तेव्हा पाळण्यात होती. आता ती माणच्या आयटी कंपनीत नोकरी करते आणि नवऱ्यासोबत चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये राहते. एवढ्या वर्षांनी आता कुठे ते अपील अंतिम सुनावणीला वर सरकलं होतं. कोर्टाची उन्हाळी सुट्टी संपली की कधीही पुकारा होईल, असं दिल्लीच्या वकिलानं कळवलं होतं. घरच्या विहिरीसकट ती जमीन परत मिळावी, एवढाच म्हाताऱ्याचा ध्यास होता.

मी त्यांना मागच्या उन्हाळ्यात एकदाच भेटलो होतो. परवा त्यांचा मुलगा ज्ञानेश याला फोन करून कार्यक्रमाचं सांगितलं, तर तो आधी अडखळला, मग हो म्हणाला. त्या होकारावर मी चौकाचौकात बापूंच्या फोटोचे फलक लावून बसलो होतो. हौसेला मोल नसतं आणि माझ्यासारख्याच्या हौसेला अक्कलही नसते.

सोबत माझी अंजलीआत्या होती. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेली. चाकणच्या बाजारातून कांदे घ्यायचे म्हणून गाडीत बसली होती. मी बापूंच्या नावानं हाका मारत गोठ्यापर्यंत जाऊन आलो, तोवर ती गल्लीत उभी राहून घरं न्याहाळत होती. शेजारच्या दारांवर पाडव्याची आंब्याची तोरणं वाळून लोंबत होती. ओट्या-ओट्यांवर कुरडया आणि पापड उन्हात घातले होते. मांडेकरांच्या ओट्यावर फक्त ती काठी.

"प्रित्या," ती हळूच म्हणाली, "विहीर बघितली का कुणी?"

२

विहीर कुणीच बघितली नव्हती.

ज्ञानेश कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. शिफ्ट सोडून आला म्हणाला. चेहरा उतरलेला, डोक्यावर टोपी घट्ट ओढलेली, बापासारखीच उंच आणि जरा वाकलेली शरीरयष्टी. आत्यानं विहिरीचं विचारल्यावर तो गोंधळला आणि म्हणाला, आता बघतो. आम्ही तिघं गेलो. गोठ्यामागची ती घरची दुसरी विहीर, तळाशी हिरवं पाणी. काठावर कबुतराची पिसं पडलेली, पायाचा ठसा एकही नाही. पाण्यात आमची तीन डोकी दिसत होती. का कोण जाणे, मला त्यात चौथं शोधावंसं वाटलं आणि मी मागं सरलो.

"पोलिसांत कळवलंत?" आत्यानं विचारलं.

"न्हाई. येतील आपले आपण. बापूंना सवय हाय अशी."

"चपलांशिवाय जायची?"

त्यानं टोपी आणखी खाली ओढली. मग आपणच मारुतरावाचं नाव काढलं. मारुतराव म्हणजे जमिनींचा दलाल. चाकण रस्त्याला काचेचं ऑफिस, गळ्यात जाड साखळी. बापूंनी दिल्लीची केस मागं घ्यावी, म्हणजे ती जागा त्याच्या गिऱ्हाइकाला बिनबोभाट मिळेल, यासाठी तो वर्षानुवर्षं खेटे घालत होता. काल संध्याकाळीही तो इकडं आला होता, ज्ञानेश म्हणाला, त्यालाच विचारा.

गाडीत बसताना मी आत्याला तीन संशयित सांगितले. एक मारुतराव. दुसरा खुद्द ज्ञानेश, कारण तडजोड करावी असं तो मागं मला बोलून गेला होता. तिसरे, म्हटलं, कसबे सर. माझा हुकमी एक्का गायब झाला की त्यांचाच फायदा.

आत्या हसली. "कसबे सर तुला हरवायला म्हातारा पळवतील? तुला हरवायला त्यांना चष्मासुद्धा लागत नाही."

जरा वेळानं म्हणाली, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला गाव आधी विहिरीत शोधतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी याला अपवाद पाहिला नाही. या घरानं विहिरीत डोकावलं नाही, म्हणजे ते विहिरीत नाहीत हे या घराला आधीच माहीत होतं.

"म्हणजे कुठे आहेत हेही माहीत आहे?"

"त्याचीच मला भीती वाटतेय," आत्या म्हणाली.

३

मारुतरावानं आम्हाला थंड लस्सी पाजली आणि शपथा घेतल्या.

काल दिवेलागणीला तो मांडेकरांच्या घरावरून गेला, हे त्यानं कबूल केलं. बापू अंगणात कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते. डोक्याला पागोटं, अंगावर घोंगडी. याचा अर्थ काल संध्याकाळपर्यंत म्हातारा धडधाकट होता, तेव्हा माझ्यावर आळ घेऊ नका, असं त्याचं म्हणणं.

"काही बोलणं झालं?" आत्यानं विचारलं.

"मी रामराम घातला. त्यांनी हात वर केला, बास."

"नेहमी काय करतात?"

मारुतराव ओशाळला. "नेहमी शिव्या देतात हो. माझ्या आज्यापासून सुरुवात करतात. खरं सांगू का ताई, मला त्या शिव्यांची सवय झालीय. इकडून गेलो आणि शिवी आली नाही तर जेवण जात नाही. पण हल्ली म्हातारा बोलतच नाही. हात वर करतो फक्त. वाटलं, थकला बिचारा."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

थंडीपासून, तो म्हणाला. दिवाळीला बापू नातीकडं चऱ्होलीला गेले होते, तिथून आले ते असेच गप्प.

मग त्यानं स्वतःचं रडगाणं लावलं. बापूंच्या जमिनीला लागून असलेली जुनी फाउंड्री संक्रांतीला कायमची बंद झाली. तिचा शिफ्टचा भोंगा सगळ्या पंचक्रोशीला ऐकू यायचा, लोक त्यावर घड्याळं लावायचे. आता तिकडं स्मशानशांतता आहे. त्या जागेला गिऱ्हाईक आहे, पण मधला मांडेकरांचा तुकडा सुटल्याशिवाय व्यवहार होत नाही. दिल्लीच्या कोर्टात आणखी न्यायमूर्ती का नेमत नाहीत, असं त्यानं मलाच विचारलं. दलालसुद्धा माझ्या बाजूचा निघाला, याचं मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, हा खोटं बोलत नसेल तर बापू काल संध्याकाळी होते आणि आज सकाळी नाहीत. मधल्या रात्रीत घरात काहीतरी झालं. घरात माणसं दोनच, बायको आणि मुलगा.

"मुलाचं डोकं बघितलंस?" आत्या म्हणाली.

"टोपी होती."

"एवढ्या उन्हात कान झाकून टोपी घालायची त्याला सवय कशी लागली असेल, हे विचारायला पाहिजे. चल, शेजारीण गाठू."

४

गोजाबाईचं घर मांडेकरांच्या भिंतीला भिंत लावून. ती एकटीच राहते. आम्ही गेलो तेव्हा ती उन्हातले पापड गोळा करत होती. बोलायला माणूस मिळाल्यावर तिनं आत्याला चहा दिला, मला परात धरायला दिली.

औंदा पापडांना मजा नाही, ती म्हणाली. दरवर्षी कुशी पुढं असायची, सगळ्या वाडीच्या कुरडयांचा चीक तिच्या हातचा. या वर्षी म्हणाली हात दुखतो आणि घरात बसून राहिली. लोणचं नाही, पापड नाही, पाडव्याला गुढीसुद्धा उभारली नाही. ज्ञानेशही तसलाच. दिवाळीनंतर तिरुपतीला जाऊन गोटा करून आला, पण वाडीत कुणाला लाडवाचा कण दिला नाही. असली देवाची यात्रा तिनं जन्मात पाहिली नव्हती.

आत्या चहा फुंकत होती. तिचा हात थांबला.

"बापू कसे होते?" तिनं विचारलं.

"दिसाया कमीच. पर हाय म्हनायचं. रोज दिवा लावायच्या टायमाला खोकत्यात, 'कुशे, तांब्या दे' म्हनत्यात, मंग भोंगा व्हतो. मी भोंगा ऐकून चूल पेटवते."

मग ती न विचारता आपल्या मालकांविषयी बोलू लागली. ते आणि गेनूबापू एकाच वेळी दिल्लीला अपिलात गेले होते. ते आधी वारले. त्यांच्या माघारी बऱ्याच दिवसांनी कुणीतरी सांगितलं की केस निकालात निघाली. कुणी म्हणालं मालक नाहीत म्हणून निघाली. तिनं पुढं चौकशी केली नाही, करायची कुणाकडे? दिल्ली तिनं पाहिली नव्हती आणि वकिलाचं नावही मालकांनाच ठाऊक होतं.

"मानूस न्हाई तर केस न्हाई," गोजाबाई म्हणाली. "कोर्टाचा कायदाच हाय तसा. कुशीला मीच सांगितलं, मालकाला जप म्हनून."

ऊन उतरलं होतं. बाभळींच्या माळावरून वारा सुटला होता आणि गल्लीत कुणी नव्हतं. मी परात घरात ठेवायला उठलो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला.

म्हाताऱ्या माणसाचा, छातीतून येणारा, लांबलेला खोकला. मग घशातला कफ सारून तो आवाज म्हणाला, "कुशे, तांब्या दे." तो आवाज मी मागच्या उन्हाळ्यात ऐकला होता. माझ्या हातातली परात खाली पडली आणि पापडांचा चुरा झाला. त्यानंतर दुरून भोंगा वाजला, लांब, खर्जातला, आणि विरून गेला.

"आले जनू," गोजाबाई शांतपणे म्हणाली आणि चुलीकडं गेली.

मी आत्याकडं पाहिलं. तिचा चेहरा मी आजवर कधी पाहिला नव्हता इतका दुःखी झाला होता.

"प्रित्या," ती म्हणाली, "फाउंड्री संक्रांतीला बंद झाली. मग भोंगा कुठला वाजला?"

५

मांडेकरांचं दार उघडंच होतं.

आतल्या खोलीत अंधार. बाजेवर घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली, उशीला खळगासुद्धा नाही. त्या रिकाम्या बाजेपुढं कुशाबाई पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभी होती. आमची चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही. फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक गोल काळा स्पीकर होता आणि त्याचा निळा दिवा लुकलुकत होता.

मागून ज्ञानेश धावत आला. मी त्याची कॉलर धरली. बापाला कुठं पुरलंस, असं काहीतरी मी ओरडलो असणार. त्याची टोपी पडली. कानांवर चार बोटं वाढलेले केस, सगळे एका लांबीचे.

"सोड त्याला," आत्या म्हणाली. "त्यानं कुणाला मारलेलं नाही. त्यानं बापाला जिवंत ठेवलंय."

ती बाजेच्या कडेला बसली नाही, जमिनीवर बसली आणि कुशाबाईला जवळ बसवून घेतलं. मग बोलली ते माझ्यासाठी बोलली, कारण त्या दोघांना सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"मी पिंपरीच्या कामगार चाळीत वाढले. आमच्याकडं गुढी नसायची, पण शेजारच्या प्रत्येक दारावर ती असायची. आपण जो सण करत नाही तो दुसऱ्याच्या दारावरून चुकला की लगेच दिसतो. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर गुढी नाही, तोरण नाही, पापड-लोणचं नाही. कुशामावशींनी गावापासून मरण लपवलं, पण चालरीत मोडायचं धाडस त्यांना झालं नाही. मुलगा केस काढून आला आणि तिरुपतीचं नाव सांगितलं, पण लाडू आणायचं सुचलं नाही. दुःखात कुणाला लाडू सुचतात? मारुतरावाला अंगणात दिसला तो बापाचं पागोटं घातलेला हाच. आवाज काढला असता तर पकडला गेला असता, म्हणून नुसता हात वर करायचा. आणि खोकला कुणीतरी, भोंगा वाजत होता त्या काळात, घरात बसून फोनवर भरून ठेवला होता. आज तू न्यायला येणार, म्हणून म्हातारा हरवलाय असं सांगून झालं, पण ठरल्या वेळेला आपोआप वाजणारं यंत्र बंद करायचं राहिलं."

"तेजलनं लावलं व्हतं," ज्ञानेश म्हणाला. "आजोबाचा आवाज ऱ्हावा म्हनून तिनं हौसंनं भरला व्हता. ते गेल्यावर आमीच तिला म्हनलं, घरात लाव."

दिवाळीत बापू नातीच्या फ्लॅटवर जेवून दुपारचे निजले ते उठलेच नाहीत. आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर त्यांना अग्नी दिला. तिथं वाडीतलं कुणी नव्हतं. परत येताना गाडीत कुणी रडलं नाही, कारण वाडी जवळ आली होती.

"का पण?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

कुशाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"गोजीचा मालक गेला आन् तिची केस मेली. आमी डोळ्यांनी बघितलं. यांचा पुकारा आता जवळ आला व्हता. आनखी थोडं दिस काढायचं व्हतं. मनात म्हनलं, निकाल लागू दे, मंग रडू. रोज सकाळी कुंकू लावताना आरशात बघायची न्हाई. आन् सांजच्याला खोकला ऐकला की मी तांब्या भरायची. ठावं असून भरायची."

मी कायद्याचा माणूस. आता बोलायची पाळी माझी होती आणि मला ते वाक्य तोंडाबाहेर काढवेना.

६

शेवटी सांगावंच लागलं.

माणूस मेला म्हणून केस मरत नाही. वारसांनी ठरल्या मुदतीत कोर्टाला कळवायचं असतं, की ते गेले, आता आमची नावं लावा. नावं लागली की केस होती तिथून पुढं चालते. कुणी कळवलंच नाही, तर मुदत संपल्यावर अपील आपोआप पडतं. गोजाबाईचा नवरा गेल्यामुळं तिची केस गेली नव्हती. तो गेला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून गेली होती. सगळ्या वाडीनं त्यावरून नेमका उलटा धडा घेतला होता.

कुशाबाईला समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे मुदत आमीच घालवली?"

मी मान खाली घातली. आत्यानं तिचा हात धरला होता. बाई रडली नाही. तिनं फक्त विचारलं की आता काही करता येतं का.

येतं, मी म्हणालो. उशीर का झाला हे खरं सांगून माफी मागायची. कोर्टानं ऐकलं तर अपील पुन्हा उभं राहतं. नाही ऐकलं तर संपलं. आणि ते करायचं तर आधी जगासमोर मान्य करावं लागेल की बापू नाहीत.

त्याच संध्याकाळी मी कसबे सरांना फोन लावला, कारण दिल्लीच्या कोर्टात असली माफी मागायचा अनुभव मला शून्य. मला वाटलं, हसतील. ते सगळं ऐकून म्हणाले, सोमवारी अर्ज लावू, मी स्वतः उभा राहीन. तुझा खटला म्हणून नाही. वारसांनी न कळवल्यामुळं असली दोन अपिलं माझ्या डोळ्यांदेखत पडली आहेत.

परतीच्या वाटेवर मी आत्याला म्हटलं, आता उद्या मी काय बोलणार? ती म्हणाली, तुझी बाजू खरी आहे की खोटी हे मला कळत नाही. पण कोर्टाची खिडकी चिंचवडला असती, तर यांच्यातलं कुणीतरी जाऊन विचारून आलं असतं. दिल्लीला विचारायला कोण जातं? लोक लांबच्या देवाला घाबरतात तसे लांबच्या कोर्टाला घाबरतात आणि आपल्या मनानं त्याचे नियम ठरवतात. कांदे घ्यायचे राहिले ते राहिलेच.

रविवारी सभागृह भरलं होतं. मी आत्याचंच वाक्य माझं म्हणून ठोकून दिलं, टाळ्या पडल्या. कसबे सर उठले. न्यायमूर्ती वाढले, खंडपीठं वाढली की निकालही एकमेकांच्या उलट यायला लागतात; मग माणसानं कुठल्या पीठाला देव मानायचं, असं त्यांनी विचारलं. ज्याला आपल्या वकिलाला फोन करायची भीती वाटते, त्याला पुण्यातलं खंडपीठही दिल्लीइतकंच लांब, असंही म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या. दोन्ही खरं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

मग कुशाबाई आली. तेजल तिला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन आली. म्हातारीचं कपाळ मोकळं होतं. कुंकू तिनं सकाळी घरी, बापूंच्या बाजेपाशी बसून पुसलं, आणि मग पहिल्यांदा मोठ्यानं रडली, असं ज्ञानेशनं मला सांगितलं होतं. गोजाबाई ते रडणं ऐकून पलीकडून धावत आली होती आणि दोघी दुपारपर्यंत एकमेकींना धरून बसल्या होत्या.

माझ्या फलकांवरचा म्हातारा येणार म्हणून लोक आले होते.

"माझं मालक गेनू मांडेकर दिवाळीत वारलं," ती म्हणाली. "आमी लपवलं. आमचं चुकलं. आता माझं नाव लावा."

एवढंच बोलून ती खुर्चीवर बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवण्यासारखं ते नव्हतंच. कसबे सर जागेवरून उठून तिच्याजवळ गेले, वाकून उभे राहिले आणि पुढं काय होईल ते समजावू लागले. आधी माफीच्या अर्जाची सुनावणी. समोरची बाजू विरोध करेल. तो अर्ज मंजूर झाला तर मूळ अपील पुन्हा रांगेत. किती काळ लागेल, असं तिनं विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. आज व्यासपीठावर सगळ्या प्रश्नांना उत्तर असलेला तो माणूस म्हणाला, "आजी, ते मला सांगता येणार नाही."

तिनं मान हलवली. जरा विचार केला. मग शेजारी उभ्या असलेल्या नातीला खाली वाकायला लावलं. तिच्या कानात सांगायला गेली, पण समोरचा माईक चालूच होता आणि ती काय म्हणाली ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"तेजे, मी मेले की आधी वकिलाला फोन कर. मंग रड."